बासष्ट इंच

मैथिलीनं फोनवर नियम वाचून दाखवला:
लांबी, रुंदी, जाडी, तिन्हींची बेरीज
बासष्ट इंचांच्या आत. वजन तेवीस किलो.
त्याच्या वर गेलं की जायचे नऊ हजार सहाशे,
यायचे वेगळे.
आणि तिला न्यायची होती सात फुटांची फळी,
पोर्तुगालच्या लाटांवर उभं राहायला.
"तिथं भाड्यानं मिळत नाही काय गे?"
"मिळतंय की. पण मामा,
भाड्याची चप्पल घालून कोण नाचतंय?"

मी उद्यमबागेत लेथवर, तीस वर्षं.
समुद्र बघितला तो चोर्ल्याचा घाट उतरून,
दोनदा, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला,
बूट हातात धरून.
पण बेरीज मला कळते.
चौऱ्याऐंशीला तिनानं भागा, अठ्ठावीस.
रुंदी साडेवीस. तीन तुकडे एकावर एक, सव्वाआठ.
झाले पावणेसत्तावन्न.
सव्वापाच इंच उरतात,
त्यात तिचे टॉवेल, आणि मेतकुटाचा डबा आडवा.

भरमाण्णा सुतारानं पांगारा काढला,
कुणाच्या कुंपणातून तोडून दोन उन्हाळे वाळलेला,
भोपळ्यासारखा हलका.
"चौकटी केल्या, देव्हारे केले," तो म्हणाला,
"असला पाट कुठल्या देवाला बे?"
म्हणाला, आणि रात्री साडेनऊपर्यंत रंधा मारत बसला.
आतून पोकळ, फासळ्या घालून, वर पातळ पत्र्यासारखं लाकूड.
तुकड्यांवर शिसपेन्सिलीनं त्यानं आकडे टाकले
ओंदु, एरडु, मूरु,
कारण त्याची चौथी कन्नड शाळेतली.
मी त्याखाली लिहिलं: ही बाजू वर.
मग पितळेचे सहा बोल्ट कातले,
पान्याशिवाय चिमटीत फिरणारे,
आणि दोन जादा, कारण बोल्ट हरवतातच.

कडोलीच्या विहिरीत ती उतरवली.
मला पोहता येत नाही. भरमाण्णाला येतं,
पण बनवणाऱ्यानं बसू नये, असं त्याचं म्हणणं.
मैथिली बसली, मग गुडघ्यांवर आली,
मग उभी.
विहिरीला कुठली लाट?
म्हणून काठावरची सहा पोरं एकदम उडाली.
पाणी भिंतीला जाऊन आपटलं, परत आलं,
फळी वर, मैथिली खाली,
एक कासव कधी नव्हे ते घाईत,
आणि वरून भरमाण्णाची हाक,
"जोड बघ गे, जोड!"

मार्केट यार्डात बटाट्याच्या काट्यावर
अकरा किलो आठशे.
हमाल म्हणाला, दर काय लावलाय?

सांबऱ्याला काउंटरवरच्या पोरीनं विचारलं,
"एनु इदु?"
मैथिलीनं सांगितलं, पाट.
तिनं टेप लावला, ओठांत बेरीज केली,
दांडीला चिठ्ठी चिकटवली.
एक रुपया नाही.
आम्ही बाहेर काचेला नाक लावून होतो.
भरमाण्णानं मला चहा पाजला, स्वतःच्या खिशातून,
हे मी लिहून ठेवलं आहे.

तीन आठवड्यांनी फोटो आला.
समुद्र नाही, मैथिलीही नाही,
फक्त दुसरा जोड, जवळून,
आणि खाली: मामा, इथनं पाणी जातंय.

एका वायसरचं काम.
स्कूटरच्या ट्यूबमधनं कापला, आठ आण्याएवढा.
खर्च शून्य.
कुरिअरवाल्यानं सांगितलं चार हजार दोनशे.
अरे, वजन बघ त्याचं, मी म्हटलं.
तो म्हणाला, काका, वजनाचा प्रश्न नाही, देशाचा आहे.

चार दिवस झाले, वायसर शर्टाच्या खिशात,
विड्याच्या कागदात गुंडाळून.
बँकेत विचारलं, दाढी करताना विचारलं,
एका बारशात पाळण्यापाशी विचारलं:
लिस्बनकडं कुणी निघालंय काय?
भरमाण्णाच्या साडूच्या ओळखीचा एक जण आहे,
शिंदोळीचा,
तो दुबईपर्यंत जातोय म्हणे, गुरुवारी.
तिथनं पुढं बघू.